चाकांची घडवंची

पातुरात कुणासमोर 'ट्रॉली' हा शब्द काढला, की त्याच्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टरच्या मागची ट्रॉली उभी राहते. सोयाबीनची पोती भरलेली, नाहीतर पोरासोरांसकट लग्नाला निघालेली. त्यामुळे माझा भाचा घरी येऊन म्हणाला, "मामा, मले एक ट्रॉली घ्याची हाय, कोनती घेऊ थे सांगा," तेव्हा त्याच्या मामीने आधी ट्रॅक्टर कधी घेतला म्हणून विचारलं. त्याला हवी होती ती कमरेएवढ्या उंचीची, तीन कप्प्यांची, चार चाकांवर ढकलायची मांडणी. अकोला-वाशीम रस्त्यावर त्याचं गाड्या धुण्याचं सेंटर आहे. गेल्या वर्षापासून तो धुण्याच्या पुढचंही काम घेतो: रंगावरचे ओरखडे काढणं, पॉलिश, सीटा आणि डॅशबोर्ड साफ करणं, काचा, रिमा, रंगावरचं कोटिंग. ह्या कामाला बाटल्या, ब्रश, कपडे, पॅड, मशीन असं तीस-चाळीस वस्तूंचं सामान लागतं आणि ते दिवसभर गाडीभोवती फिरत राहतं.

मी आयटीआयमध्ये बरीच वर्षं फिटरचा ट्रेड शिकवला. कोणतीही वस्तू घेण्याआधी किंवा बनवण्याआधी तिचं काम एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, असं मी मुलांना सांगायचो. काम ठाऊक नसेल तर माप कशाचं घेणार? भाच्यालाही मी तेच विचारलं. तो म्हणाला, "सामान ठेवाले." पण सामान ठेवायला भिंतीतलं कपाटही पुरतं, चाकं कशाला? "जवळ राहावं म्हनून." हेही खरं, पण पायाशी फरशीवर ठेवलेलं सामानसुद्धा जवळच असतं, आणि त्याला एक पैसा लागत नाही. मग ते फरशीवर का नको? ह्या प्रश्नापाशी आम्ही दोघंही थांबलो. त्या वस्तूचं खरं काम इथे दडलेलं होतं.

पातूर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलंय. उत्तरेला अकोल्याकडे काळ्या मातीचा सपाट मुलूख, दक्षिणेला घाट चढून मेडशी, मालेगाव आणि पुढे वाशीम. घाट उतरून आलेली गाडी मुरुमाची तांबूस धूळ घेऊन येते, अकोल्याकडून आलेली काळी माती. काळी माती हाताला मऊ लागते, ओली असताना तर लोण्यासारखी. पण रस्त्यावरच्या धुळीत नुसती माती नसते. आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची. ह्या दगडाच्या पोकळ्यांत गारगोट्या सापडतात. लहानपणी आपण त्या घासून ठिणग्या काढायचो. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोह्स मापावर गारगोटी ७ वर येते आणि खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे ती काचेवर रेघ ओढू शकते. गाडीचा रंग काचेपुढे फारच मऊ. रंगावर जो पारदर्शक थर असतो, ज्याला सगळे क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा धरला, तर गाडीची सगळी चमक केसाहून पातळ अशा एका थरावर उभी आहे.

आता मायक्रोफायबरचा कपडा घ्या. तो चांगला का, तर त्याचे धागे केसाहून कितीतरी बारीक असतात आणि ते धूळ पकडून ठेवतात. हाच गुण कपडा फरशीवर पडला की उलटतो. तो खालचा कणही तेवढ्याच निष्ठेने पकडतो आणि झटकला तरी सोडत नाही. तोच कपडा कामगाराने उचलून बॉनेटवर फिरवला की त्याचा पॉलिश पेपर झालेला असतो. त्या वेळी काही दिसत नाही. मालक गाडी घेऊन जातो, दुसऱ्या दिवशी वऱ्हाडातल्या भर उन्हात ती उभी करतो आणि काळ्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा चमकतात. ते जाळं काढायला पुन्हा पॉलिश मारावं लागतं, म्हणजे त्या केसाहून पातळ थरातला थोडा थर कायमचा खरवडावा लागतो. एका पडलेल्या कपड्याची एवढी किंमत.

मग ट्रॉलीचं काम एका वाक्यात सांगता येतं: जमिनीवरचा कण कपड्यापर्यंत पोहोचू न देता सामान हाताशी ठेवणं. आम्हाला एवढंच वाक्य मिळालं. पुढे जे काही ठरवलं ते ह्या वाक्यातूनच निघालं.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. जुन्या घरात पिण्याच्या पाण्याचे हंडे-कळशा कधी भुईवर टेकवत नसत. त्यांच्यासाठी घडवंची असे. लाकडी, पायांची, गुडघ्याएवढी. भुई शेणाने सारवलेली असो की शहाबादी फरशीची, पायांबरोबर आलेली माती भुईवर राहायची आणि पाणी तिच्यावर हातभर उंच. दूध-दही त्याहून वर, शिंक्यात. घरात कुणी आरोग्यशास्त्र शिकलेलं नव्हतं, पण कोणती वस्तू भुईपासून किती दूर राहावी हे त्या घराला पक्कं माहीत होतं. भाच्याला मी म्हणालो, तुला घडवंचीच पाहिजे, फक्त तिला चाकं हवीत, कारण तुझा हंडा जागच्या जागी राहत नाही, गाडीभोवती फिरतो.

दुकानात गेलं की माणसाची नजर आधी कप्प्यांवर जाते. किती कप्पे, केवढे कप्पे, बाटल्या कशा रांगेत दिसतील. चाकं शेवटी बघितली जातात, बहुतेकदा बघितलीच जात नाहीत. माझ्या मते हा क्रम पूर्ण उलटा हवा. जी ट्रॉली सहज हलत नाही ती दोन दिवसांत एका कोपऱ्यात उभी राहते. ट्रॉली कोपऱ्यात आणि माणूस गाडीच्या पलीकडच्या दाराशी असला, की हातातला कपडा तो कुठे ठेवतो? फरशीवर, नाहीतर गाडीच्याच टपावर. म्हणजे घडवंची घरात असून हंडा भुईवर. जमीन आणि कपडा वेगळे ठेवायचं काम कप्प्यांआधी चाकच करत असतं.

हे भाच्याला आधीच कळलेलं होतं, फक्त त्याने तो धडा चाकाच्या नावे मांडला नव्हता. सुरुवातीला त्याने घरपोच मागवलेली एक तीन टोपल्यांची ट्रॉली आणली होती. दिसायला फार देखणी, स्वयंपाकघरात कांदे-बटाटे ठेवायला उत्तम. चाकं कडक प्लास्टिकची, दोन इंची. सेंटरच्या फरशीत पाणी वाहून जायला लोखंडी जाळीची नाली आहे. एक चाक जाळीच्या दोन गजांमध्ये अडकलं, मागून ढकलणाऱ्याच्या लक्षात आलं नाही आणि ट्रॉली तोंडावर पडली. सहा धुतलेले कपडे चिखलात, आणि एका पॉलिशच्या बाटलीचं झाकण फुटलं. त्यानंतर ती ट्रॉली भिंतीला टेकून असते आणि सामान पुन्हा बादलीत.

दोन इंची चाकाचं काय चुकलं ते आकड्यांनी सांगतो, कारण हा मुद्दा नुसता पटून उपयोगाचा नाही, हाताला कळला पाहिजे. वॉशिंगच्या जागेत फरशीवर सदा काहीतरी आडवं पडलेलं असतं: प्रेशर पंपाचा पाइप, पॉलिशरची वायर, व्हॅक्यूमची नळी. पाइपाची जाडी १५ मिलिमीटर धरू. एका चाकावर ८ किलो भार असेल आणि चाक दोन इंची असेल, तर त्या १५ मिलिमीटरवर चढायला साधारण १८ किलोचा आडवा जोर लागतो, म्हणजे भाराच्या दुपटीहून जास्त. तेच चाक पाच इंची असेल तर ७ किलोहून कमी जोरात काम होतं. भार तोच, पाइप तोच. फरक इतकाच की लहान चाकाला तो पाइप भिंतीसारखा समोर येतो आणि मोठ्या चाकाला चढासारखा. अडथळ्याची उंची चाकाच्या त्रिज्येएवढी झाली, की कितीही ढकला, चाक चढतच नाही. दोन इंची चाकाची त्रिज्या एक इंच. आपल्या फरशीच्या तुटलेल्या काठांपुढे एक इंच म्हणजे काही नाही.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे गणित न मांडता ठाऊक होतं. आपल्या बंडीचं चाक माणसाच्या छातीशी येईल एवढं थोर का? काळ्या मातीच्या रस्त्यावर पावसाळ्यात पडलेले चाकोऱ्यांचे चर उन्हाळ्यात दगडासारखे वाळतात. लहान चाक त्यात उतरलं की बैलांनी जीव दिला तरी निघत नाही. मोठं चाक चराच्या दोन्ही काठांवर टेकत पुढे जातं. बैलांचा जीव वाचावा म्हणून सुताराने चाक मोठं केलं. सेंटरवर दिवसाला दहा गाड्यांभोवती ट्रॉली ओढणाऱ्या पोराच्या मनगटांचा आणि कमरेचा विचारही तसाच व्हायला हवा.

पाच इंची चाक ठरलं, पण कशाचं? नायलॉनचं कडक चाक गुळगुळीत टाइलवर अगदी हलकं धावतं, पण खडबडीत कोब्यावर खडखडतं आणि प्रत्येक खड्याचा धक्का वरच्या बाटल्यांपर्यंत पोहोचवतं. मऊ रबराचं चाक बारीक खडा अंगात घेऊन पुढे जातं, आवाज नाही, धक्का नाही. पण तेल, डिझेल, टार काढायचं सॉल्व्हंट सांडलेल्या फरशीवर साधं रबर फुगतं आणि झडतं. पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, चाक ह्या दोघांच्या मधलं: तेलाला टिकतं आणि नायलॉनएवढं कडकही नसतं. हवा भरायचं चाक मुरुमाच्या अंगणात सगळ्यांत चांगलं चालेल, पण आपल्याकडे बाभळीचा काटा कुठून येईल ते सांगता येत नाही. पंक्चर झालेल्या चाकावरची घडवंची तिरकी उभी राहते. म्हणून पीयू. रुंदी सव्वा इंच, म्हणजे नालीच्या जाळीत चाक उतरणार नाही. पण आधी आपल्या जाळीच्या गजांमधलं अंतर मोजून घ्यावं, कारण जाळ्या सगळीकडे सारख्या नसतात.

चाकाच्या भाराबद्दल एक गोष्ट कारखान्यात शिकवतात ती इथेही लागू आहे. चार चाकांच्या गाड्यावर १२० किलो भार असेल तर एका चाकावर ३० किलो येईल असं आपण धरतो. ते फक्त आरशासारख्या सपाट जमिनीवर खरं. उंचसखल फरशीवर चारातली तीनच चाकं टेकतात, चौथं अधांतरी असतं. म्हणून भाराला चाराने नाही, तीनने भागायचं. हेही जुन्या घरात माहीत होतं. सारवलेल्या भुईवर चारपायी स्टूल डुगडुगतं, तिवई डुगडुगत नाही.

चारही चाकं वळणारी घ्यावी की दोन वळणारी आणि दोन सरळ? लांब अंतर सरळ ढकलायचं असेल तर दोन सरळ हवीत, नाहीतर गाडा खेकड्यासारखा आडवा पळतो. पण इथे लांब अंतर नाहीच. गाडीभोवती फिरायचं, भिंत आणि दार यांच्या मधल्या दोन-अडीच फुटांत आडवं सरकायचं. इथे चारही वळणारी हवीत आणि त्यातल्या निदान दोघांना पायाने दाबायचा ब्रेक. वॉशिंगची फरशी कधी सपाट नसते. पाणी निघावं म्हणून तिला मुद्दाम नालीकडे उतार दिलेला असतो. ब्रेक नसलेली ट्रॉली त्या उतारावरून हळूच निघते आणि कुठे जाऊन टेकते? ग्राहकाच्या दाराला. जी वस्तू ओरखडे टाळायला आणली तिनेच ओरखडा काढला, तर सगळंच व्यर्थ. याच कारणाने ट्रॉलीचे चारही कोपरे आणि कडा जुन्या सायकलच्या ट्यूबने गुंडाळून घ्याव्यात. ही सूचना किरकोळ वाटेल, पण मी ती सगळ्यात ठासून करीन.

चाकांवर एवढं बोललो, आता वर जाऊ. कोणत्या कप्प्यात काय ठेवायचं, हे बहुतेक लोक हाताच्या सोयीने ठरवतात: जास्त लागतं ते वर, कमी लागतं ते खाली. मला मात्र विचार करता करता एक गोष्ट उलगडली आणि ती अजूनही फार समाधान देते. क्रम ठरवणाऱ्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत: मळ, वजन आणि धोका. तिघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी तिन्ही एकच क्रम सांगतात.

आधी मळ. गाडी वरून खाली मळत जाते. टप सगळ्यांत स्वच्छ, मग काचा, मग बॉनेट आणि दारांचा वरचा भाग, मग दारांची खालची पट्टी, आणि सगळ्यांत घाण रिमा आणि टायर. रिमांवर तर ब्रेक पॅडचा लोखंडी भुगा भाजून चिकटलेला असतो. म्हणून जाणता कारागीर गाडी वरून खाली धुतो. ट्रॉलीही तशीच भरावी. वरच्या कप्प्यात काचेचे आणि रंगाचे कपडे, पॉलिशचे पॅड. मधल्यात आतल्या सफाईचं सामान. तळाला रिमा-टायरचे ब्रश, दारांच्या खाचांचे ब्रश. ट्रॉली म्हणजे उभी केलेली गाडीच, टपाचं सामान टपावर आणि चाकाचं चाकापाशी. यात हाताचीही सोय आहे. रिम घासायला माणूस खाली बसतो, तेव्हा त्याचा हात सहज जातो तो तळच्या कप्प्याकडे.

मग वजन. पाच लिटरचे दोन कॅन म्हणजेच दहा किलो. पॉलिशर अडीच-तीन किलोचा. अर्ध्या लिटरच्या आठ बाटल्या चार किलो. हे सगळं वर ठेवलं तर ट्रॉलीचा भार डोक्यात जातो. समजा ट्रॉलीची चाकं एकमेकांपासून फूटभर, म्हणजे ३० सेंटिमीटर अंतरावर आहेत. भाराचा मध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर ती १४ अंश कलली की पडणार. तोच मध्य ३५ सेंटिमीटरवर आणला तर २३ अंशांपर्यंत ती सांभाळून राहते. एकही पैसा न खर्चता, दोन कॅन तळाला ठेवले की झालं.

आणि धोका. रिमा साफ करायच्या काही द्रवांत जहाल आम्लं असतात, काहींत फ्लोराइडची, ज्यांचा एक थेंब त्वचेतून आत उतरून फार खोल इजा करतो. अशी बाटली कधीही चेहऱ्याच्या उंचीवर नसावी. ती सांडली तर खाली जाते, वाटेत जे असेल त्यावर. म्हणून तिच्या खाली काहीच असू नये. तळाच्या कप्प्यात, उंच काठाच्या प्लास्टिकच्या घमेल्यात, झाकण आवळून. भाच्याच्या सेंटरवर ज्या एका गोष्टीवर मी खरोखर रागावलो ती हीच: ॲसिडचा क्लीनर कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलेला होता. पोरं तहानलेली असतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि हातातल्या बाटलीत काय आहे हे न बघता माणूस तोंडाला लावतो. ज्या बाटलीतून कुणी कधी काही प्यायलं असेल, तिला ट्रॉलीवर जागाच नाही. प्रत्येक बाटलीवर पक्क्या शाईने मराठीत नाव हवं, कारण काम करणाऱ्या पोराला मराठी वाचता येतं आणि कंपनीच्या लेबलवरचं बारीक इंग्रजी येत नाही.

मळ, वजन, धोका, तिन्ही तळाकडे. स्वच्छ, हलकं, निरुपद्रवी ते वर. हा क्रम एकदा डोक्यात बसला की कोणती वस्तू कुठे ठेवायची हे विचारावंच लागत नाही. हाच क्रम तुम्ही आम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा कोणत्याही दवाखान्यात ड्रेसिंगची ट्रॉली येते, ती आठवून बघा. वरच्या फळीवर निर्जंतुक सामान, खालच्या फळीवर बाकीचं, आणि जखमेवरून काढलेला कापूस टाकायचं भांडं खाली किंवा बाजूला. सिस्टर ट्रॉली पुसतात तीही वरून खाली, कधी खालून वर नाही.

पण ह्या क्रमाला एक गळती आहे: वापरलेला कपडा. तो वरून निघतो स्वच्छ आणि परत येतो मळलेला. तो पुन्हा वरच्या कप्प्यात गेला की सगळी रचना एका क्षणात बुडाली. म्हणून त्याला परतीची वाटच नको. ट्रॉलीच्या बाहेर, दांडीला, एक झाकणाची पिशवी टांगावी. कपडा एकदा हातात घेतला की त्याचा पुढचा मुक्काम तीच पिशवी, तिथून धुणं. काचेचा, रंगाचा आणि टायरचा कपडा वेगवेगळ्या रंगांचा असला की संध्याकाळी दमलेल्या माणसाचीही चूक होत नाही. ओली वस्तू कोरड्याच्या वर टांगू नये, हे सांगायला नको, पण मी दोनदा तसं पाहिलंय, म्हणून सांगतो.

दुसरी एक जोडी वेगळी ठेवावी लागते. पॉलिशनंतर तेलकटपणा पुसायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल वापरतात. शुद्ध असेल तर त्याची वाफ १२ अंश तापमानालाही पेट घेऊ शकते, आणि आपल्याकडे हिवाळ्याच्या दुपारीही त्याहून जास्त असतं. पॉलिशर मशीनच्या मोटरमध्ये कार्बनच्या ब्रशांशी ठिणग्या उडतात. ही बाटली आणि ते मशीन एका कप्प्यात नकोत, आणि ट्रॉली उन्हात कधीच नको.

ट्रॉली गाडीबरोबर फिरण्याचं आणखी एक कारण आपल्या पाण्यात आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा पातूरपर्यंत येत नाही, तरी काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी क्षारांचंच. उन्हाळ्यात धुतलेल्या गाडीवरचं पाणी बघता बघता वाळतं आणि जागोजागी पांढरे गोल डाग उमटतात. ते नंतर निघता निघत नाहीत. वाळवायचा मोठा टॉवेल दहा पावलांवर असेल तर उशीर झालेला असतो. तो हात लांबवला की मिळाला पाहिजे.

आता काय ठेवू नये ते थोडक्यात. धुण्याच्या दोन बादल्या ट्रॉलीवर नकोत, त्यांना स्वतःची चाकं लावा किंवा हातात राहू द्या. पाण्याची बादली वर ठेवणं म्हणजे वजनही वर आणि ओलही वर. महिन्याचा साठाही नको. ट्रॉलीवर एका गाडीचं सामान असावं, साठा कपाटात. ट्रॉली गच्च भरली की माणूस शोधत बसतो, आणि शोधताना हातातलं खाली ठेवतो.

बाजारात चार तऱ्हा मिळतात. स्वयंपाकघरातली तीन टोपल्यांची, तिचं काय होतं ते सांगितलंच. आतल्या, गुळगुळीत टाइलच्या खोलीत सीटांच्या सफाईपुरती ती चालेल. हॉटेलात उष्टी भांडी गोळा करायची जाड प्लास्टिकची ट्रॉली बरीच बरी: आम्लाने गंजत नाही, काठ उंच असतात. पण तिची रुंदी मोजा आणि ती उन्हात ठेवू नका, प्लास्टिक ठिसूळ होतं. गॅरेजवाल्यांची ड्रॉवरची ट्रॉली धुळीपासून उत्तम राखते, पण स्वतःच एवढी जड की वॉशिंगच्या उतारावर ती आवरत नाही. ती पॉलिशच्या बंद खोलीत शोभते. चौथी पत्र्यावर पावडर कोटिंग केलेली. तिच्या कोटिंगला एक ओरखडा पडला आणि त्यावर ॲसिडचा थेंब गेला, की गंज आतून पसरतो.

म्हणून मी भाच्याला पातुरातल्याच वेल्डिंगवाल्याकडे नेलं. एक इंची चौकोनी पाइपाचा सांगाडा, १६ इंच रुंद, दोन फूट लांब, वरचा कप्पा पावणेतीन फुटांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या कोपराच्या जरा खाली. वरचा तळ सलग पत्र्याचा, त्यावर धुऊन काढता येईल अशी रबरी चटई. तळाचा कप्पा भोकांचा, पाणी निघून जाईल असा, आणि ॲसिडसाठी त्यात वेगळं घमेलं. तीन इंची काठ. बाटल्या अडकवायला एका बाजूला आडवी सळई. दांडी चाकांच्या वर, बाहेर न डोकावणारी. वेल्डिंगवाल्याने सगळं ऐकून शेवटी विचारलं, "चाक कोनतं टाकू भाऊ? दोन इंची पडलेत माह्याजवळ." भाचाच म्हणाला, "नाही, पाच इंची, पीयूचं. थे अकोल्याहून मी आनून देतो." तेव्हा मला वाटलं की माझं काम झालं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सेंटरवर पहाटेपासून रांग होती. दुसऱ्या दिवशी गाड्यांना झेंडूच्या माळा लागायच्या होत्या, बरेच जण तिथून रेणुकामातेच्या टेकडीकडे दर्शनाला जाणार होते. मी तासभर खुर्ची टाकून बसलो होतो. ट्रॉली पाइपावरून सहा-सात वेळा गेली, एकदाही कुणाला वाकून चाक उचलावं लागलं नाही, आणि फरशीवर एकही कपडा दिसला नाही.

तुम्हीही असं काही घेणार असाल तर एवढं करा. दुकानात जाताना पाच लिटरचा पाण्याने भरलेला कॅन बरोबर न्या. तो तळाच्या कप्प्यात ठेवा आणि ट्रॉली दुकानाच्या टाइलवर नका, बाहेर रस्त्याच्या कडेला ओढून बघा. वाटेत आपल्याच पंपाच्या पाइपाचा एक तुकडा आडवा टाका. तो एका हाताने ओलांडता आला तरच पैसे द्या.